मुंबईतल्या रुग्णालयात ट्रॉमा आणि आयसीयू संशोधक डॉक्टर कसे घडवावेत

मुंबईत ट्रॉमाचा पेशंट कधी कमी पडत नाही. लोकलच्या दारातून पडलेला, रूळ ओलांडताना गाडीखाली सापडलेला, परांचीवरून कोसळलेला मजूर, हायवेवरचा दुचाकीस्वार असे पेशंट सायन, केईएम, नायर, कूपर, जेजे आणि जोगेश्वरीच्या ट्रॉमा रुग्णालयात रोज येतात. ठाणे, पालघर, रायगडहून रेफर होऊन येणारे वेगळेच. कमी पडतात ते या पेशंटांबद्दल नेमका प्रश्न विचारून त्याचं उत्तर मोजून काढणारे डॉक्टर. दरवर्षी एमएस-एमडीचे प्रबंध निघतात आणि परीक्षा झाली की बहुतेक कपाटात जातात. आमच्या रेसिडेंटांकडे हुशारी भरपूर आहे, पण त्यांना वेळ राखून दिला जात नाही आणि मोजायला शिकवलं जात नाही. हे मार्गदर्शन विभागप्रमुख, गाइड आणि ही वाट धरू पाहणाऱ्या सीनियर रेसिडेंटांसाठी आहे.

कोणाला घ्यायचं, किती वेळ द्यायचा

सर्जरी, ॲनेस्थेशिया, मेडिसिन, ऑर्थो, इमर्जन्सी मेडिसिन, शाखा कोणतीही चालेल. निवडीसाठी मार्कांपेक्षा एक सोपी परीक्षा घ्या. गंभीर पेशंटाचा जुना इनडोर पेपर नाव झाकून हातात द्या आणि पहिल्या सहा तासांची वेळवार मांडणी करायला सांगा. सीटीची वेळ ॲडमिशनच्या आधीची दिसते, आठ वाजता घशात ट्यूब टाकलेल्या पेशंटाचा नऊ वाजताचा व्हर्बल (बोलण्याचा) स्कोअर ४ लिहिलाय, रक्त दिल्याची नोंद आहे पण पिशवीचा नंबर नाही, अशा गोष्टी ज्याच्या नजरेला खटकतात त्याला घ्या. बाकीचं शिकवता येतं.

मुदत किमान दोन वर्षं, प्रयोगशाळेचं काम असेल तर तीन. आता खरी मेख. ‘आठवड्यातला एक दिवस संशोधनाला’ ही व्यवस्था ट्रॉमात टिकत नाही. कॉल लागतो, पोस्ट-कॉलचा दिवस झोपेत जातो, कोणी रजेवर गेला की ओटी अंगावर येते, आणि महिनाअखेरीस चारांतला एक दिवस हाती लागतो. त्यापेक्षा चार आठवड्यांतला एक सलग आठवडा पूर्ण मोकळा ठेवा: कॉल नाही, ओटी नाही, राउंड नाही. दुसऱ्या वर्षी एक आठवडा वॉर्डात आणि एक संशोधनात, असं आलटून पालटून. हे तोंडी ठरवू नका. कॉलच्या ड्युटी लिस्टवरच तो आठवडा लिहा, बदली डॉक्टराचं नाव त्याच्यासमोर घाला आणि विभागप्रमुखांची सही घ्या. जून ते सप्टेंबर मलेरिया, डेंग्यू, लेप्टोने आयसीयू भरतं आणि पहिला बळी संशोधनाच्या आठवड्याचा जातो. म्हणून पावसाळ्यात खाटेजवळ गोळा करायच्या नोंदी ठेवा, कारण माणूस तिथे असणारच. कोर्स, विश्लेषण आणि लेखन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

गाइड दोन हवेत. एक खाटेजवळचा, दुसरा पद्धतीचा: पीएसएम (सामाजिक वैद्यक), क्लिनिकल फार्माकॉलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्समधला. केईएमसारख्या ठिकाणी क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा भक्कम विभाग आहे. त्यांच्याकडे डेटा गोळा झाल्यावर जाण्यापेक्षा प्रश्न ठरवतानाच जा. दर पंधरा दिवसांनी तिघांची पाऊण तासाची बैठक ठेवा आणि शिकाऊ डॉक्टराने तिला एक पान लिहून आणावं. पान आणलं नाही तरी बैठक रद्द करू नका, पान का लिहिता आलं नाही यावरच बोला.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च आणि जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं) प्रशिक्षण पहिल्या तीन महिन्यांत उरकावं. पीजींना ते बंधनकारकच आहे, त्यामुळे इथे ते फक्त पाया समजा.

प्रश्न ठरवण्याआधी गणित

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ‘अमुक औषधाने मृत्यू कमी होतात का’ असा प्रश्न सुचतो. त्याला पाटीवर हिशेब करायला लावा. समजा तुमच्या गंभीर पेशंटांत मृत्यूचं प्रमाण २० टक्के आहे. ते १५ टक्क्यांवर येतं का हे ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फाने (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) पाहायचं तर प्रत्येक गटात सुमारे ९०० पेशंट लागतात. १८ टक्क्यांवर येतं का हे पाहायचं तर प्रत्येक गटात सुमारे ६,०००. प्रबंधात नेहमी दिसणाऱ्या ६० विरुद्ध ६० मध्ये फरक दिसेल का? मृत्यू २० वरून ४ टक्क्यांपर्यंत खाली आणणारं औषध असेल तरच. असं औषध ट्रॉमात कोणाकडेच नाही.

रक्तस्राव होणाऱ्या ट्रॉमा पेशंटांवरच्या क्रॅश-२ चाचणीत ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतले २०,२११ पेशंट होते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाने मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. दीड टक्क्याचा फरक पकडायला एवढा पसारा लागला, आणि त्या फरकाने औषध जगभर पोचलं. एकट्या विभागाने त्या आकाराच्या प्रश्नामागे लागू नये. मोठ्या चाचणीचं एक केंद्र व्हावं आणि स्वतःसाठी स्वतःच्या आवाक्यातला प्रश्न घ्यावा.

आवाक्यातले प्रश्न मुंबईत ढीगभर आहेत. दुखापतीपासून ट्रॅनेक्झॅमिकच्या पहिल्या डोसपर्यंत किती वेळ जातो आणि तो नक्की कुठे जातो? थेट आलेला आणि दुसऱ्या रुग्णालयातून रेफर झालेला यांच्यात रक्तातल्या पहिल्या लॅक्टेटचा (शॉकची खूण) फरक किती? परदेशात बनलेला मृत्यूचा स्कोअर आपल्या पेशंटांवर किती चुकतो? पहिल्यासारख्या प्रश्नात २० टक्क्यांचं प्रमाण अधिक-उणे ४ टक्क्यांच्या अचूकतेने सांगायला ४०० पेशंट पुरतात. स्कोअर तपासायला किमान १०० मृत्यू हवेत, म्हणजे २० टक्के प्रमाण असेल तर ५०० पेशंट. गजबजलेल्या ट्रॉमा विभागात हे दोन्ही दोन वर्षांत बसतं. केईएम आणि सायन ही रुग्णालयं दिल्लीच्या एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम यांच्याबरोबर टिटको या ट्रॉमा नोंदणी प्रकल्पात होती; २०१३ ते २०१५ या काळात सुमारे १६,००० पेशंटांची नोंद झाली आणि तिच्यातून कितीतरी पेपर निघाले. त्या कामात नवं औषध नव्हतं, नीट केलेल्या नोंदी होत्या.

कॅज्युअल्टीतला पहिला तास

शिकाऊ डॉक्टराचं पहिलं वर्ष इथे जायला हवं. या भागात घाई केली तर पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

घड्याळांपासून सुरुवात करा. भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटर, ब्लड गॅस मशीन, सीटीचा कॉन्सोल आणि स्वतःचा मोबाइल यांच्या वेळा जुळत नाहीत. दर सोमवारी सकाळी सगळ्यांची मोबाइलशी तुलना करून फरक मिनिटांत वहीत लिहायचा. घड्याळं दुरुस्त करून मिळतील याची वाट पाहू नका, फरक माहीत असला की हिशेबात तो काढता येतो.

केस पेपरवर छापलेली वेळ नोंदणीची असते, पेशंट आत आल्याची नसते. गंभीर पेशंट ट्रॉलीवरून थेट रेड एरियात जातो आणि नातेवाईक खिडकीवर रांगेत उभा असतो. अनोळखी पेशंटाचा पेपर हवालदार किंवा मामा (वॉर्डबॉय) काढतात, तोवर रक्तही गेलेलं असतं. त्यामुळे ट्रॉली दारातून आत आल्याची वेळ डोळ्यांनी पाहून लिहायची, आणि पाहिली नसेल तर ‘पाहिली नाही’ असं लिहायचं.

दुखापतीची वेळ सगळ्यांत अवघड. तिच्याबरोबर दोन रकाने हवेतच: वेळ कोणी सांगितली आणि ती किती पक्की आहे. सांगणारा पेशंट असेल, सोबतचा असेल, स्टेशन मास्तरचा मेमो असेल, जीआरपी (रेल्वे पोलिस) असेल किंवा १०८ ॲम्ब्युलन्सची शीट असेल. पक्केपणासाठी तीन पर्याय पुरतात: नेमकी, अर्ध्या तासाच्या आतबाहेर, माहीत नाही. रुळांशेजारी बेशुद्ध सापडलेल्याची मेमोवरची वेळ ही सापडल्याची असते, पडल्याची नसते. ट्रॅनेक्झॅमिक पहिल्या तीन तासांत द्यायचं असतं आणि त्यानंतर दिल्यास अपाय होऊ शकतो, हे लक्षात घेतलं की या दोन रकान्यांची किंमत कळते.

श्वसनाचा दर बहुतेक पेपरांवर १८, २० किंवा २२ सापडतो, कारण तो मोजलेला नसतो. छाती उघडी करून, ॲम्बू (हाताने श्वास देण्याची पिशवी) लावण्याआधी, पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवा. हे किरकोळ वाटतं, पण रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअरमध्ये मिनिटाला १० ते २९ श्वासांना ४ गुण आहेत आणि २९ च्या वर ३. बत्तीसचा दर सवयीने वीस लिहिला की आजारी पेशंट कागदावर बरा होतो. पुढे तोच स्कोअर ‘आपल्याकडे चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि चूक स्कोअरची नसून मोजणीची असते.

ब्लड प्रेशर ‘नॉट रेकॉर्डेबल’ असेल तर रकाना रिकामा सोडू नका आणि शून्यही लिहू नका. त्याला वेगळा कोड द्या आणि कॅरोटिड (मानेची नाडी) लागते का हे शेजारी लिहा. रिकाम्या रकान्याला संगणक ‘माहिती नाही’ समजतो, आणि ज्यांचं प्रेशरच लागलं नाही असे सगळ्यांत गंभीर पेशंट विश्लेषणातून गळून जातात.

जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) बेरजेत लिहू देऊ नका. डोळे, बोलणं, हालचाल असे तीन वेगळे आकडे हवेत. सुजून बंद झालेला डोळा आणि ट्यूब असलेला घसा यांना १ गुण देत नाहीत. तिथे ‘तपासता आलं नाही’ असा कोड येतो. गुंगीचं औषध दिलं असेल तर त्याआधीचा जीसीएस हवा. मुंबईत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. फक्त तमिळ किंवा बंगाली बोलणारा पेशंट मराठी-हिंदी प्रश्नांना नीट उत्तर देऊ शकत नाही आणि ‘कन्फ्यूज्ड’ ठरतो. त्याची भाषा येणारं कोणी सिस्टर, मामा किंवा शेजारच्या खाटेचा नातेवाईक मिळतो का पाहा, आणि नाही मिळाला तर तसं लिहा.

पहिल्या महिन्यात ३० पेशंट दोघांनी एकमेकांचं न पाहता नोंदवायचे. जीसीएससाठी वेटेड कप्पा (दोघांचं किती जुळतं याचा आकडा) काढा, श्वसनदरासाठी दोघांतला फरक आलेखावर मांडा. जिथे मतं फुटतात तिथे व्याख्या सुधारायची आणि पुन्हा ३० पेशंट घ्यायचे. खरी नोंद त्यानंतर सुरू. दर तीन महिन्यांनी हे थोडक्यात पुन्हा करा, कारण नवा रेसिडेंट येतो आणि जुन्याचा हात सैल पडतो.

नोंद करणारा फक्त सकाळी नऊ ते चार असेल तर रात्रीचे पेशंट, म्हणजे दारू पिऊन पडलेले, शेवटच्या लोकलचे, मारामारीतले, अभ्यासातून बाहेर राहतात. चोवीस तास माणूस परवडत नसेल तर आठ तासांच्या पाळ्या आठवड्यागणिक फिरवा आणि त्या पाळीत आलेला प्रत्येक पेशंट घ्या. ‘वेळ मिळेल तेव्हा मिळेल तो’ असं केलं की सोपे पेशंट जास्त येतात.

छेदात, म्हणजे एकूण पेशंटांत, कोण धरायचं हे आधी ठरवा. मृतावस्थेत आणलेले वेगळे मोजायचे. डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन गेलेला जिवंत समजायचा नाही. अनेकदा घरचे आशा सोडूनच त्याला नेतात. म्हणून तिसाव्या दिवसाचा फोन. नंबर तीन घ्या: पेशंटाचा, जवळच्या नातेवाइकाचा आणि गावाकडचा. घेतल्या घेतल्या खाटेजवळूनच लावून पाहा. अपघातात पेशंटाचा मोबाइल फुटलेला किंवा हरवलेला असतो, आणि घाबरलेला माणूस एखादा आकडा चुकवतो. फोनवर काय बोलायचं ते मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवा. पहिलंच वाक्य ‘पेशंट कसे आहेत’ असं असावं, ‘पेशंट जिवंत आहेत का’ असं कधीही नको.

दुखापतीची तीव्रता काढताना आयएसएस या स्कोअरमध्ये एक चूक हमखास होते. शरीराचे सहा विभाग, त्यातल्या सर्वांत वाईट तीन विभागांतला प्रत्येकी एकच सर्वाधिक एआयएस (एकेका दुखापतीच्या तीव्रतेचा) आकडा, त्याचा वर्ग आणि मग बेरीज. डोकं ४, छाती ३, हातपाय ३ असेल तर १६ अधिक ९ अधिक ९, म्हणजे ३४. बरगड्या आणि छातीच्या मणक्याचं फ्रॅक्चर हे दोन्ही छाती याच विभागात मोडतात. ते दोनदा धरले की आकडा फुगतो. कोणत्याही विभागात ६ आला की आयएसएस थेट ७५. कोडिंग डिस्चार्जनंतर, सीटी आणि ओटी नोट समोर ठेवून करा. कॅज्युअल्टीतल्या अंदाजावर नको.

संमती

ट्रॉमात संमती मागायची वेळ सगळ्यांत वाईट असते: पेशंट बेशुद्ध, नातेवाईक अजून कर्जतहून निघालेला, पोलिस जबाब घ्यायला उभे. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणीबाणीच्या स्थितीत एथिक्स कमिटीच्या मंजुरीने संमती पुढे ढकलायची वाट ठेवतात. नातेवाईक आला किंवा पेशंट शुद्धीवर आला की त्याला सगळं सांगून पुढे राहण्याची संमती घ्यावीच लागते. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांखाली येणाऱ्या नव्या औषधाच्या चाचणीत ही मुभा गृहीत धरू नका. तिथे कायदेशीर प्रतिनिधी, निष्पक्ष साक्षीदार आणि लागू असेल तिथे ध्वनिचित्रमुद्रण यांचा क्रम प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहा. संमती नाकारली तर आधी काढलेल्या नमुन्याचं काय करणार हेही आधीच लिहावं लागतं.

बोलणं शिकवावं लागतं. आधी एकमेकांवर सराव, मग सीनियरच्या देखत. साधारण असं: ‘दादा, तुमच्या भावाच्या डोक्याला मार लागलाय. उपचार सुरू केलेत, ते या कागदावर अवलंबून नाहीत. आम्ही एक अभ्यास करतोय. तपासणीसाठी रक्त काढतोच, त्याच वेळी साधारण चमचाभर जास्त काढू. नको म्हणालात तर उपचारात काहीच फरक पडणार नाही. आत्ता सुचत नसेल तर उद्या सांगा, मी इथेच आहे.’ पेशंटचा उपचार करणाऱ्या डॉक्टरानेच संमती मागितली तर नातेवाइकाला ‘नाही’ म्हणणं जड जातं, म्हणून शक्य तिथे दुसऱ्याने मागावी.

कागदांचं वेळापत्रक ध्यानात ठेवा. एथिक्स कमिटीच्या बैठका बहुतेक ठिकाणी महिन्याच्या अंतराने होतात. मराठी-हिंदी संमतीपत्रकाच्या भाषांतरात एक त्रुटी राहिली की महिना गेला. परदेशी संस्था किंवा निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी. सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच, कारण १ एप्रिल २०१८ पासून ती मागाहून होत नाही. नियमांखालच्या चाचणीत गंभीर प्रतिकूल घटना २४ तासांत कळवायची आणि सविस्तर अहवाल १४ दिवसांत. हे काम रात्री कोण करणार त्याचं नाव भिंतीवर लावलेलं असावं.

आयसीयूत

इथे शिकवायची पहिली गोष्ट टेपने उंची मोजणं. फुफ्फुसं निकामी झालेल्या पेशंटांवरच्या २००० सालच्या आर्ड्‌सनेट चाचणीत १२ ऐवजी ६ मिली प्रतिकिलो टायडल व्हॉल्यूम (व्हेंटिलेटरच्या एका श्वासातली हवा) दिल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. तो किलो अपेक्षित वजनाचा, आणि अपेक्षित वजन उंचीवरून निघतं: पुरुषाला ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंटिमीटरमधली उंची उणे १५२.४), स्त्रीला ५० च्या जागी ४५.५. उदाहरणार्थ १५२ सेंमी उंचीची बाई. अपेक्षित वजन सुमारे ४५ किलो, ६ मिलीने टायडल व्हॉल्यूम २७० मिली. राउंडवर कोणी डोळ्यांच्या अंदाजाने ‘साठ किलो असेल’ म्हणालं की मशीनवर ३६० लागतात, म्हणजे प्रत्यक्षात ८ मिली. कागदावर मात्र ६ मिलीच लिहिलेलं राहतं. रेल्वे अपघातात दोन्ही पाय गेलेल्या पेशंटाची उंची हाताच्या अल्ना हाडाच्या लांबीवरून काढावी लागते; तो तक्ता खाटेशेजारी चिकटवा.

सोफा स्कोअर (अवयव किती निकामी झालेत याचा) रोज ठराविक चोवीस तासांतल्या सर्वांत वाईट आकड्यांवरून काढायचा. सहा अवयवसंस्था, प्रत्येकी ० ते ४. रविवारी बिलिरुबिन झालंच नाही तर काय धरायचं हे प्रोटोकॉलमध्ये आधी ठरवा, नाहीतर प्रत्येक रेसिडेंट आपापल्या मनाने ठरवतो.

नमुना फ्रीजरपर्यंत

ज्याला रक्त गोठण्यावर किंवा दाहावर काम करायचंय त्याने पहिले दोन महिने फक्त नमुना सांभाळायला शिकावं. केईएमच्याच आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. शहरात असं शिकवणारे हात आहेत, विचारायला हवं.

निळ्या बुचाच्या ३.२ टक्के सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त रेघेपर्यंतच हवं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण आहे. घाईत ट्यूब अर्धीच भरली की सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा लांबतो. हेपरिन लावलेल्या लाइनमधून घेऊ नका. गोठण्याचे नमुने बर्फावर पाठवू नका, थंडीने प्लेटलेट आणि रक्त गोठवणारा सातवा घटक चाळवतात. मामांना हे नीट समजावून सांगा, नाहीतर चांगल्या हेतूने ते बर्फाच्या डब्यातच नेतात. नमुन्याआधी किती सलाइन, किती रक्त, किती एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) गेलं ते फॉर्मवर लिहिलं नाही, तर तुम्ही दुखापत मोजताय की उपचार, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

सेंट्रिफ्यूजचा वेग मिनिटाच्या फेऱ्यांत लिहू नका, जी मध्ये (गुरुत्वाच्या पटीत) लिहा. १५ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर ३,००० फेऱ्या म्हणजे सुमारे १,५०० जी. दुसऱ्या मशीनवर त्याच फेऱ्यांत आकडा बदलतो. १,५०० जी ला १५ मिनिटं, वरचा प्लाझ्मा तळ न ढवळता काढायचा, पुन्हा तेवढंच फिरवायचं, आणि छोट्या तीन-चार कुप्यांत उणे ८० ला ठेवायचा. कुपी एकदा वितळली की तो नमुना दुसऱ्या चाचणीला धरू नका. लेबल क्रायोचंच हवं, बॉलपेनची शाई दंवाने पुसते. अर्ध्या कुप्या दुसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रीजर जनरेटरच्या लाइनवर आहे का ते इलेक्ट्रिशियनला घेऊन प्रत्यक्ष तपासा, आणि तळमजल्यावर तर ठेवूच नका. परळ-हिंदमाताला पाणी भरतं हे शहराला दर पावसाळ्यात दिसतं.

आकडेमोड आणि वाचन

डेटाबेसला रेडकॅप हे सॉफ्टवेअर चांगलं, ना-नफा संस्थांना ते फुकट मिळतं, पण संस्थेचा सर्व्हर आणि करार लागतो. विश्लेषणाला आर (R) हे सॉफ्टवेअर. पेशंटाचं नाव, फोन आणि एमएलसी (पोलिस केसचा) नंबर वेगळ्या, कुलूपबंद यादीत. डेटाबेसमध्ये फक्त अभ्यास क्रमांक. सीटीचे फोटो नावासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडा. संशोधनाचा फॉर्म केस पेपरला टाचू नका.

विश्लेषणाचा आराखडा डेटा उघडण्याआधी लिहून तारीख घालून ठेवायचा. आयसीयूच्या डेटात एक सापळा वारंवार दिसतो. दहाव्या दिवशी ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनळी) झालेल्यांत मृत्यू कमी दिसतात, कारण दहाव्या दिवसापर्यंत जगलेल्यांनाच ती होते; तिसऱ्या दिवशी गेलेला त्या गटात येऊच शकत नाही. व्हेंटिलेटरवरचे सरासरी दिवस काढतानाही तेच. लवकर मेलेल्याचे दिवस कमी भरतात आणि आकडा सुधारल्यासारखा दिसतो. म्हणून २८ दिवसांतले व्हेंटिलेटरमुक्त दिवस मोजतात आणि मृताला शून्य देतात.

जर्नल क्लबमध्ये निकालाचं पान झाकून आधी फक्त पद्धत वाचा आणि प्रत्येकाला निकालाचा अंदाज लिहायला लावा. सुरुवातीला दोन चाचण्या घ्या. डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड वर्षानुवर्षं दिली जात होती. २००४ च्या क्रॅश चाचणीत १०,००८ पेशंटांवर त्यांनी मृत्यू वाढतात हे दिसलं. आयसीयूत साखर काटेकोर खाली ठेवण्याची लाट २००१ च्या एका केंद्रातल्या चाचणीवरून आली. २००९ च्या नाइस-शुगर चाचणीत ६,१०४ पेशंटांवर उलटं निघालं. या दोन्हींवर दीड-दीड तास द्या, घाई नको.

टप्पे, पैसे आणि सुपूर्द

सहा महिन्यांत एथिक्स मंजुरी, नोंदणी आणि ३० पेशंटांची पडताळणी झालेली असावी. बारा महिन्यांत निम्मे पेशंट आणि विश्लेषणाचा आराखडा. अठरा महिन्यांत पहिला पेपर पाठवलेला. चोवीस महिन्यांत स्वतःच्या नावाचा निधीचा अर्ज: आयसीएमआरकडे, किंवा डॉक्टरांसाठी वेगळी फेलोशिप असलेल्या इंडिया अलायन्स या निधी देणाऱ्या संस्थेकडे. बजेटमध्ये सर्वांत मोठा खर्च नोंद करणाऱ्याचा पगार असतो. तो कमी धरून यंत्र मोठं मागितलेले अर्ज पहिल्याच वर्षी अडखळतात. पेपरवर कोणाचं नाव कितव्या क्रमांकावर, हे पहिल्या पेशंटाआधी लिहून तिघांनी सही करायची. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलला पेपर देऊ नका, बढतीची घाई कितीही असो.

एक टप्पा बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. शिकाऊ डॉक्टर जाताना डेटाबेस त्याच्या लॅपटॉपवर जातो आणि मागे एक्सेलची फाइल उरते, जिच्यातला ‘९९’ म्हणजे काय हे कोणालाच माहीत नसतं. शेवटचे सहा आठवडे या कामाला काढून ठेवा. प्रत्येक रकान्याचं नाव, एकक, शक्य किमती, रिकाम्या जागेचा कोड आणि व्याख्या कोणत्या तारखेला बदलली हे एका कोशात. घड्याळांच्या फरकाची वही स्कॅन करून. फ्रीजरचा नकाशा, कुपीच्या जागेसह. आणि नव्या माणसाने जुन्याला एकही फोन न करता मुख्य तक्ता पुन्हा काढून दाखवायचा. आकडे जुळले की मगच क्लिअरन्सच्या फॉर्मवर गाइडने सही करावी.